दोन प्रोसेसरच्या जुन्या संगणकासाठी स्वस्त झिऑनची जोडी कशी निवडावी

दोन प्रोसेसरचा जुना वर्कस्टेशन उभा करायला निघालेला नवखा माणूस बहुधा उलट्या क्रमाने खरेदी करतो. आधी त्याला कुठेतरी बारा कोरचा झिऑन, म्हणजे इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर, कवडीमोलाने मिळताना दिसतो, तो घेऊन झाल्यावर तो मदरबोर्ड शोधू लागतो, बोर्ड मिळाल्यावर रॅम बसत नाही असे लक्षात येते, आणि शेवटी सगळा हिशोब नव्या संगणकाच्या घरात जाऊन पोहोचतो. मीही पहिल्यांदा याच वाटेने गेलो होतो. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: प्रोसेसर सर्वांत शेवटी घ्यायचा. बोर्ड काय स्वीकारतो, काम कोणते करायचे आहे आणि घरातली वीज व हवा किती झेपेल, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरल्याशिवाय इंदूरच्या सिल्व्हर मॉल या संगणकबाजाराची पायरी चढू नये आणि ऑनलाइन मागणीही नोंदवू नये.

हे प्रोसेसर इतके स्वस्त का, हे आधी समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे जातात. इंटेलने झिऑन ई५-२६०० व्ही२ ही मालिका सप्टेंबर २०१३ मध्ये आणली, तेव्हा ई५-२६८० व्ही२ ची यादीतली किंमत १,७२३ डॉलर होती आणि ई५-२६९७ व्ही२ ची २,६१४ डॉलर. ते विकत घेतले मोठ्या डेटा सेंटरांनी, हजारोंच्या संख्येने. ते सर्व्हर निवृत्त झाले की प्रोसेसर काढून वेगळे विकले जातात, पण त्यांचे बोर्ड विचित्र आकाराचे असल्याने घरगुती कॅबिनेटमध्ये बसत नाहीत आणि बरेचसे भंगारात जातात. म्हणून प्रोसेसरांचा सुकाळ आणि चांगल्या बोर्डांचा दुष्काळ, अशी या बाजाराची घडी आहे. पैसा कुठे जपायचा आणि कुठे सोडायचा, हे त्यावरूनच ठरते.

पहिली पायरी: बोर्डाची पिढी ओळखणे

जुन्या बाजारात दोन प्रोसेसरचे जे संगणक सहज मिळतात, ते ढोबळमानाने तीन पिढ्यांचे असतात. सर्वांत जुने एलजीए १३६६ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा), म्हणजे २००९ ची झिऑन ५५०० आणि २०१० ची ५६०० मालिका. एचपी झेड८०० किंवा डेल प्रिसिजन टी५५०० ही यंत्रे या वर्गातली. त्यानंतरचे एलजीए २०११ सॉकेटचे, ज्यांत २०१२ ची ई५-२६०० आणि २०१३ ची ई५-२६०० व्ही२ बसते. एचपी झेड६२० आणि झेड८२० यांची गणना इथे होते. तिसरे एलजीए २०११-३ सॉकेटचे, ज्यांत २०१४ ची व्ही३ आणि २०१६ ची व्ही४ चालते. शेवटच्या दोन सॉकेटांची नावे सारखी वाटली तरी प्रोसेसर एकमेकांत बसत नाहीत, आणि रॅमही वेगळी लागते: आधीच्यात डीडीआर३, नंतरच्यात डीडीआर४.

एलजीए १३६६ ची यंत्रे अगदी स्वस्तात मिळाली तरी नवख्याने ती टाळावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या प्रोसेसरांत एव्हीएक्स नावाचा आज्ञासंच नाही, त्यामुळे आजची काही सॉफ्टवेअर त्यांवर सुरूच होत नाहीत. व्ही१ (म्हणजे नावात ‘व्ही’ नसलेली पहिली ई५-२६००) आणि व्ही२ मध्ये एव्हीएक्स आहे, पण एव्हीएक्स२ नाही. ते व्ही३ पासून आले. ज्यांना रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० वापरायचे आहे त्यांना हा फरक नडतो, कारण ती आवृत्ती एव्हीएक्स२ असलेले प्रोसेसर गृहीत धरते. डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्सचे दुसरे प्रकार वापरणाऱ्यांनी चिंता करू नये. पुढचे विवेचन मुख्यतः व्ही२ धरून केले आहे, कारण कमी पैशांत दोन प्रोसेसर हवे असणाऱ्याला तीच पिढी सर्वांत परवडते.

दुसरी पायरी: नाव वाचायला शिकणे

झिऑनच्या नावातला ‘ई५’ नंतरचा पहिला आकडा हा मालिकेचा शोभेचा क्रमांक नव्हे. ई५-१६५० मधला १ सांगतो की हा प्रोसेसर एकट्यानेच चालतो. ई५-२६५० मधला २ सांगतो की असे दोन एकत्र काम करू शकतात. ई५-४६५० मधला ४ चार प्रोसेसरच्या यंत्रांसाठी आहे. ई५-१६५० व्ही२ हा वेगाने उत्तम प्रोसेसर आहे आणि स्वस्तही मिळतो, म्हणून लोक त्याची जोडी घेऊन येतात आणि दुसरा सॉकेट आयुष्यभर रिकामा ठेवतात, कारण दोन प्रोसेसरांना जोडणारा क्यूपीआय दुवा त्यात वापरताच येत नाही. शेवटचा ‘व्ही२’ गाळून विकणारेही भेटतात. ई५-२६७० म्हणजे आठ कोर आणि ई५-२६७० व्ही२ म्हणजे दहा कोर. किमतीतली तफावत एवढ्या दोन अक्षरांवर असते. नावाच्या शेवटी ‘एल’ असेल तर वीज कमी आणि वेगही कमी, ‘डब्ल्यू’ असेल तर १५० वॅटचा वर्कस्टेशनसाठीचा नग, असे समजावे.

तिसरी पायरी: बायोसमधली एक ओळ

माझे पैसे इथेच अडकले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून झेड६२० मागवला होता आणि तो पोहोचण्याआधीच ई५-२६८० व्ही२ ची जोडी घेऊन ठेवली होती. यंत्र आले, मूळ प्रोसेसरवर व्यवस्थित सुरू झाले. नवे प्रोसेसर बसवले आणि पडद्यावर काहीच येईना. बायोसची, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरची, ताजी आवृत्ती चढवली, तरी तेच. कारण असे की या यंत्रांत बायोसच्या खाली ‘बूट ब्लॉक’ नावाचा एक भाग असतो, तो कारखान्यातच लिहिलेला असतो आणि नेहमीच्या अद्ययावतीकरणाने बदलत नाही. झेड६२० आणि झेड८२० च्या ज्या बोर्डांवर त्याची तारीख २०११ ची आहे ते फक्त व्ही१ घेतात. ज्यांवर ती २०१३ ची आहे ते व्ही२ सुद्धा घेतात. दोष विक्रेत्याचा नव्हता, विचारण्याची गोष्ट मीच विचारली नव्हती.

त्यामुळे यंत्र घेण्यापूर्वी सेटअपमध्ये जाऊन ‘सिस्टम इन्फर्मेशन’च्या पानावरील बूट ब्लॉकच्या तारखेचा फोटो मागवावा. तिथे ०३/०६/२०१३ असे दिसले तर हायसे वाटू द्यावे. ही अमेरिकी पद्धतीने लिहिलेली ६ मार्च आहे, आपण सवयीने ३ जून वाचतो, पण इथे महत्त्व फक्त वर्षाला आहे. तारीख २०११ ची निघाली म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाही. त्यात पहिल्या पिढीचे ई५-२६७०, म्हणजे आठ कोर आणि २.६ गीगाहर्ट्झचे, बसवून चांगले काम होते. मात्र त्यांतही प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवर एसआर०एच८ लिहिलेले नग आणि एसआर०केएक्स लिहिलेले नग असे दोन प्रकार मिळतात. आधीच्या प्रकारात व्हीटी-डी ही आभासी यंत्रांसाठीची (एकाच संगणकात अनेक संगणक चालवण्यासाठीची) सोय नीट चालत नाही, म्हणून सर्व्हरची तालीम करणाऱ्याने दुसराच प्रकार मागावा.

इतर कंपन्यांच्या यंत्रांसाठी त्या-त्या नमुन्याची प्रोसेसरांची अधिकृत यादी पाहावी आणि त्यासोबत बायोसची किमान आवृत्ती कोणती लागते हेही टिपून घ्यावे.

चौथी पायरी: कोर मोजण्याआधी काम मोजणे

माझा भाचा वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याच्यासाठी हे यंत्र बनवले, आणि त्याच्या कामातच या पायरीचा सगळा धडा दडलेला आहे. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या सायकल्स या भागात रेंडरिंग होताना, म्हणजे आराखड्यावरून अंतिम चित्र तयार होताना, उपलब्ध असलेला प्रत्येक कोर राबतो, म्हणून तिथे कोर जितके जास्त तितका वेळ कमी. पण दिवसभर ऑटोकॅडमध्ये रेषा ओढण्याचे काम बहुतांशी एकाच कोरवर चालते. तिथे वीस कोरांपैकी एकोणीस बसून राहतात आणि उरलेल्याचा वेग जेमतेम असेल तर आराखडा सरकवतानाही यंत्र अडखळते. रात्री लावायच्या रेंडरिंगला एक प्रोसेसर योग्य आणि दिवसाच्या कामाला दुसराच, अशी ही ओढाताण आहे.

एकाच पिढीतल्या प्रोसेसरांची तुलना करण्यासाठी मी एक ढोबळ गणित वापरतो: कोरांची संख्या गुणिले मूळ वेग. ई५-२६२० व्ही२ चे सहा कोर २.१ गीगाहर्ट्झवर, म्हणजे १२.६. ई५-२६५० व्ही२ चे आठ कोर २.६ वर, म्हणजे २०.८. ई५-२६६० व्ही२ चे दहा कोर २.२ वर, म्हणजे २२. ई५-२६६७ व्ही२ चे आठ कोर ३.३ वर, म्हणजे २६.४. ई५-२६८० व्ही२ चे दहा कोर २.८ वर, म्हणजे २८. ई५-२६९७ व्ही२ चे बारा कोर २.७ वर, म्हणजे ३२.४. प्रत्यक्षात टर्बोमुळे, म्हणजे गरजेनुसार आपोआप वेग चढवण्याच्या सोयीमुळे, वेग वाढतो, त्यामुळे हे आकडे तंतोतंत धरू नयेत, पण त्यांतून एक गोष्ट लख्ख दिसते. दोन ई५-२६२० व्ही२ मिळून २५.२ भरतात आणि एकटा ई५-२६८० व्ही२ २८ भरतो. दोन प्रोसेसरचे यंत्र म्हणून हौसेने दोन स्वस्त नग बसवणारा माणूस एका चांगल्या नगाच्याही मागे राहतो, वर दुप्पट हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारे धातूचे ठोकळे) आणि दुप्पट रॅम सांभाळतो.

म्हणून ‘दोन’ या शब्दाची भुरळ पडू देऊ नये. आधी एका सॉकेटमध्ये चांगला प्रोसेसर बसवून काम भागते का ते पाहावे. भागत नसेल तरच जोडी पूर्ण करावी.

निवड माझ्या मते अशी पडते. रेंडरिंग, व्हिडिओचे रूपांतर, आभासी यंत्रे किंवा मोठ्या प्रकल्पाचे कंपाइलिंग मुख्य असेल तर ई५-२६८० व्ही२ घ्यावा; त्याचा टर्बो ३.६ गीगाहर्ट्झपर्यंत जातो, उष्णतेची मर्यादा ११५ वॅट आहे, आणि दिवसाच्या एकाच कोरवरच्या कामातही तो फार रडवत नाही. भाच्याला मी हाच दिला. रेखाटन, हिशोबाची सॉफ्टवेअर किंवा खेळ जास्त आणि रेंडरिंग कधीमधी असेल तर ४ गीगाहर्ट्झपर्यंत जाणारा ई५-२६६७ व्ही२ बरा, मात्र त्याचे १३० वॅट लक्षात ठेवावेत. पैसे अगदीच मोजके असतील तर ९५ वॅटचा ई५-२६५० व्ही२ घ्यावा, आणि त्याच्या खाली उतरू नये. ई५-२६०३ आणि ई५-२६०९ व्ही२ मध्ये चारच कोर आहेत, हायपर-थ्रेडिंग (एका कोरवर एका वेळी दोन कामे चालवण्याची सोय) नाही आणि टर्बोही नाही. ते फुकट मिळाले तरी यंत्र तपासण्यापुरतेच ठेवावेत. ई५-२६९७ व्ही२ सर्वांत मोठा खरा, पण ई५-२६८० व्ही२ पेक्षा जेवढा पुढे आहे त्या मानाने किंमत बरीच जास्त मागितली जाते.

आणि ज्याचे काम टंकलेखन, ब्राउझर आणि चित्रपट यांच्या पलीकडे जात नाही, त्याने या वाटेला जाऊच नये. आजचा सहा कोरचा ६५ वॅटचा साधा प्रोसेसर त्याला अधिक चपळ वाटेल.

पाचवी पायरी: दुसऱ्या प्रोसेसरचे छुपे खर्च

दुसरा प्रोसेसर एकटा येत नाही. झेड६२० मध्ये तो मुख्य बोर्डावर बसतच नाही. त्यासाठी स्वतंत्र रायझर कार्ड लागते, ज्यावर त्याचा सॉकेट, हीटसिंक, पंखा आणि रॅमच्या चार खाचा असतात. हे कार्ड नसलेले यंत्र स्वस्त दिसते, आणि नंतर ते सुटे शोधायला गेले की नाकापेक्षा मोती जड होतो. टी५५०० मध्येही दुसरा प्रोसेसर अशाच वेगळ्या कार्डावर असतो. तेव्हा शक्य असेल तर कार्डासह असलेले यंत्रच घ्यावे.

रॅमही वाटून द्यावी लागते. व्ही२ च्या प्रत्येक प्रोसेसरला स्वतःच्या चार वाहिन्या आहेत, म्हणून प्रत्येकी चार पट्ट्या बसवल्या तरच पूर्ण वेग मिळतो. सगळी रॅम एकाच्या बाजूला ठेवली तर दुसऱ्याला प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या दारातून पाणी आणावे लागते. सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड ईसीसी (चुका आपोआप सुधारणाऱ्या) पट्ट्या स्वस्त असतात, पण त्या साध्या पट्ट्यांमध्ये मिसळून चालत नाहीत. ई५-२६५० व्ही२ आणि त्यावरचे प्रोसेसर १८६६ वेगाची रॅम चालवतात, २६२०, २६३० आणि २६४० व्ही२ मात्र १६०० वर थांबतात.

विंडोजबाबत एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. होम आवृत्ती एकच सॉकेट ओळखते. दुसरा प्रोसेसर बसवूनही तो तिला दिसणार नाही. दोन सॉकेटांसाठी प्रो आवृत्ती लागते. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे प्रोसेसर नाहीत, म्हणून माझा कल लिनक्सकडे आहे.

विजेचा विचार ओझरता करून चालणार नाही. ९५ वॅटच्या जोडीऐवजी १३० वॅटची जोडी घेतली तर पूर्ण भाराखाली सुमारे ७० वॅटचा फरक पडतो. रोज सहा तास रेंडरिंग धरले तर महिन्याला १२.६ युनिट जास्त. हा फरक सोसता येतो, पण मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तीच उष्णता खोलीत साचते, आणि राजेंद्रनगरच्या गच्चीखालच्या खोलीत ती चांगलीच जाणवते. १५० वॅटचा ई५-२६८७डब्ल्यू व्ही२ घेण्याआधी यंत्राचा हीटसिंक तेवढ्यासाठी बनलेला आहे का, हे पाहावे. घरात सर्रास असणारा ६०० व्हीएचा यूपीएस या यंत्राला भाराखाली पुरत नाही.

सहावी पायरी: हातात घेऊन पाहणे

प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवर नावाखाली ‘एसआर’ने सुरू होणारा संकेत असतो, ई५-२६८० व्ही२ वर तो एसआर१ए६ असतो. दोन्ही नगांवर तो एकच असावा, म्हणजे जोडी जमली. नावाच्या जागी ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ लिहिले असेल आणि संकेत ‘क्यू’ने सुरू होत असेल तर तो चाचणीसाठी बनवलेला नमुना आहे, कितीही स्वस्त असला तरी परत ठेवावा. मग नग पालथा करावा. खाली सोनेरी ठिपक्यांच्या रांगा आणि मधोमध बारीक भाग सोल्डर केलेले दिसतात. त्यांतला एखादा उखडलेला असेल, किंवा ठिपक्यांवर काळपट डाग वा ओरखडे असतील, तर दुसरा मागावा.

या प्रोसेसरांना पाय नसतात, ते बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, आणि धोका तिथेच आहे. मोबाइलचा दिवा लावून सॉकेटवर अगदी तिरका धरावा आणि डोके हळूहळू हलवावे. सगळ्या पिना एकाच दिशेने, शेतातल्या पेरलेल्या ओळींसारख्या चमकतात. एखादी वाकलेली असेल तर तिथे चमक तुटते, आणि एकदा ती नजरेने टिपली की दिसल्याशिवाय राहत नाही. दोन्ही सॉकेट असे पाहायला पाच मिनिटे लागतात. विक्रेता कंटाळला तरी ती घ्यावीत.

सातवी पायरी: बसवणे आणि खात्री करणे

आधी एकच प्रोसेसर बसवून यंत्र सुरू करावे, मग तो काढून त्याच जागी दुसरा तपासावा, आणि दोन्ही धड आहेत हे कळल्यावरच जोडी लावावी. कोपऱ्यातली त्रिकोणी खूण सॉकेटच्या खुणेशी जुळवून प्रोसेसर सरळ खाली ठेवावा, सरकवू नये. सॉकेटला दोन दांड्या आहेत आणि त्यांचा क्रम चौकटीवर कोरलेला असतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी वाटाण्याएवढी लावावी. हीटसिंकचे स्क्रू तिरप्या कोपऱ्यांनी थोडे-थोडे आवळावेत.

त्यानंतर सेटअपमध्ये दोन्ही प्रोसेसरांची नावे आणि रॅमची एकूण बेरीज पाहावी. आम्ही आठ-आठ जीबीच्या आठ पट्ट्या लावल्या होत्या आणि भाच्याने पडद्याकडे बघून विचारले, “मामा, चौसष्टऐवजी छप्पन्नच का दिसतायत?” एक पट्टी गायब होती. पट्टी बदलली, खाच तीच रिकामी राहिली. अशा वेळी दोष पट्टीत नसून प्रोसेसरच्या ठिपक्यात किंवा सॉकेटच्या पिनेत असण्याची शक्यता अधिक, कारण रॅमच्या वाहिन्या थेट प्रोसेसरमधून निघतात. आम्ही रायझरवरचा प्रोसेसर काढला, एका कडेला जुन्या पेस्टचा पातळ थर दिसला, तो पुसून पुन्हा बसवला आणि चौसष्ट पूर्ण झाले.

संगणक चालू झाल्यावर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘सॉकेट्स’समोर २ आहे का ते पाहावे, लिनक्सवर एलएससीपीयू (lscpu) ही आज्ञा तेच सांगते आणि न्यूमा नोडही, म्हणजे प्रोसेसर व त्याच्या बाजूची रॅम यांचे गट, दोन दाखवते. मग एक तास सगळ्या कोरांवर पूर्ण भार द्यावा आणि दोन्ही प्रोसेसरांचे तापमान शेजारी-शेजारी पाहावे. थोडा फरक चालतो, कारण दुसऱ्याला बहुधा पहिल्याची तापलेली हवा मिळते. पण एक दुसऱ्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी गरम असेल तर त्याचा हीटसिंक नीट टेकलेला नाही असे समजून तो उघडावा. ही चाचणी माल परत करण्याची मुदत संपण्याआधी, शक्यतो भर दुपारी पंख्याखाली न बसता करावी. भाच्याच्या यंत्रात पहिल्या दिवशी अकरा अंशांचा फरक होता. रायझरचा एक स्क्रू अर्धा फेरा सैल निघाला, तो आवळल्यावर फरक चारावर आला आणि त्या रात्री त्याने पहिले रेंडर लावून दिले.